सातवी फेरी

जूनमध्ये आमच्या रिंकवर बर्फ नसतो.
उघडं काँक्रीट, आणि गेल्या आठवड्यात
शेळ्यांचं प्रदर्शन झालं, त्याचा अजून न गेलेला वास.
तरी ड्राफ्टच्या शुक्रवारी मी कँटीन उघडते,
तळणाचं तेल बदलते, टीव्ही भिंतीवर सरळ करते,
आणि नऊ-दहा जण येतात,
हिवाळाभर ज्यांना आमच्या संघानं
सुखाचा घास खाऊ दिला नाही, असे.

यंदा ब्याऐंशीपैकी एकोणीस सामने जिंकलो.
म्हणूनच आज आमचा नंबर दुसरा.
या एका रात्री रांग उलटी लागते:
जो जास्त हरला, त्याचा हात ताटात आधी.
शाळेत, बँकेत, गव्हाच्या बाजारात
असं आम्हाला कुणी कधी म्हटलं नव्हतं.

पडद्यावर एक पोरगा उठतो.
अठराचा. मानेवर मुरुमं.
आई त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरते, सोडत नाही.
बाप आधी हात पुढे करतो, मग मिठी मारतो,
मग कुठं बघावं ते न कळून छताकडे बघतो.
सुटावरूनच जर्सी चढवायची असते;
गळ्यातून डोकं बाहेर येताना केस विस्कटतात
आणि तेवढ्यापुरता तो पाच वर्षांचा होतो.
बारसं दुसऱ्याच्या लेकराचं,
घुगऱ्या आम्ही खातो.

ओरेस्ट ह्नात्युक वही उघडतो.
सत्त्याऐंशीपासूनची, धान्यकंपनीचा शिक्का असलेली.
पेन्सिलीनं नाव, उंची, वजन, गाव.
गावावरच तो जास्त बोलतो:
'हा फ्लिन फ्लॉनचा. तिथं नुसता खडक.
पोरं चालण्याआधी पडायला शिकतात.'

आम्ही भांडतो. बाजारात तुरी!
पोरानं आमच्यासाठी अजून एक पक मारलेला नाही
आणि वँडा त्याला दुसऱ्या फळीत बसवायला तयार नाही,
पहिलीच हवी.
तीन वर्षांनी येणाऱ्या कपावरून
ती आणि लॉयड बेअरडी
चिप्स गार होईपर्यंत एकमेकांशी बोलत नाहीत.

खरं सांगू? सामन्यात काय आहे.
सामना संपतो, आकडा उरतो.
इथं अजून कुणी हरलेलं नाही.
सगळ्यांचे गुडघे शाबूत आहेत.

शनिवारी मात्र गर्दी नसते.
तिसरी फेरी, पाचवी. नावं भराभर,
नुसती पडद्याच्या तळाशी सरकणारी पट्टी.
ही पोरं तिथं आलेलीच नसतात.
कुणी गवत कापत असेल,
कुणी फोन पालथा ठेवून जेवत.
सातव्या फेरीला आम्ही चौघं उरतो:
मी, लॉयड, ओरेस्ट,
आणि दाराला टेकून, हाताला ग्रीस, ओरेस्टचा तारास,
जो कंबाइन दुरुस्त करतो आणि आत येऊन बसत नाही.

वहीतल्या बहुतेक नावांवर आडवी रेघ आहे.
खेळलाच नाही. खांदा गेला. विमा विकतो.
एक्क्याण्णवच्या पानावर, पार तळाला, अकराव्या फेरीत
(तेव्हा फेऱ्या जास्त असत)
एक नाव आहे, त्यावर रेघ नाही.
कॉफी ओतताना मी पाहिलंय.
ओरेस्ट ते पान उघडत नाही. फाडतही नाही.

दोनशे विसावा. गोलकीपर.
आमच्याच प्रांतातलं कुठलंसं गाव,
जे ओरेस्टलाही ठाऊक नाही.
निवेदक नाव चुकीचं उच्चारतो.

'आता त्याला फोन येईल,' तारास दारातून म्हणतो,
इतक्या वर्षांत पहिल्यांदाच काही म्हणतो,
'आधी वाटेल, मित्र चेष्टा करतायत.'

ओरेस्टची पेन्सिल थांबते.
वळून न बघता तो स्पेलिंग विचारतो,
चष्म्याचं निमित्त करून.
तारास पडद्याजवळ येतो, हात पँटला पुसतो,
एकेक अक्षर सांगतो, सावकाश,
आणि मी तेलाखालचा गॅस बंद करते
अजून चार नावं बाकी असताना.